सुलभाताई आणि वरचे दात

दिल्लीत, द्वारकेतल्या आमच्या सोसायटीत कुणी बाळ घेऊन लिफ्टमध्ये शिरलं, की चौथ्या मजल्यावरच्या सुलभाताई पर्समधून टॉर्च काढतात. "आ कर राजा." मुलांना दात कधी येतात, सगळ्यांना एकाच वेळी का येत नाहीत, यावर बाईंनी उभी हयात संशोधन केलं. त्या निवृत्त झाल्या, टॉर्च अजून नोकरीत आहे.

एकदा ती माझ्याच तोंडावर मारली. "कवळी सैल आहे हो तुमची. घासाघीस केलीत ना?" केली होती. करोल बागेत गाड्यांचे पार्ट विकून वर आलेला माणूस दाताच्या डॉक्टरला असा सोडेल? पण हे चार शेजाऱ्यांसमोर बोलायचं? तेव्हापासून माझं त्यांच्याशी वाकडं आहे.

तरी एकदा गेलो. मुलगी नोकरीला जाते म्हणून नात दिवसभर आमच्याकडे असते. दहा महिने झाले तरी तिला दात नव्हता. म्हटलं, "तारीख सांगा."

"तारीख नसते हो, पल्ला असतो. कुणाचे सहाव्या महिन्यात, कुणाचे वर्षानंतर."

असं बोलणाऱ्या सप्लायरला मी दुकानाची पायरी चढू देत नाही.

शेवटी दात आले, तेही वरचे आधी. आमच्या हिचं धाबं दणाणलं. वरचे आधी आले की मामाला धोका, असं हिच्या माहेरचं ठाम मत. मामा म्हणजे आमचा निखिल. नोएडाला असतो, दर रविवारी भाचीला खेळवायला येतो. हिने त्याला फोन केला, "शांती होईपर्यंत येऊ नकोस." मी भटजींशी शांतीचा भाव पाडत बसलो.

रविवारी बेल वाजली. दारात सुलभाताई, आणि मनगट धरून ओढत आणलेला निखिल.

"खाली पार्किंगमध्ये गाडीत बसला होता. वहिनी, बहुतेकांचे खालचे आधी येतात, काहींचे वरचे. एवढंच असतं ते."

"तुमचं काय जातंय बोलायला?" ही म्हणाली.

"माझे वरचेच आधी आले होते. मामांनी मला कधी उचलून घेतलं नाही. लग्नातसुद्धा लांबूनच आशीर्वाद दिला. नव्वदीपर्यंत ठणठणीत होते."

मग हिने नात निखिलच्या हातात दिली. त्याने तिला वर उचललं, तशी ती खिदळली. तोंड सताड उघडं, दोन्ही दात समोर.

सुलभाताईंनी टॉर्च काढली नाही. त्या निखिलच्या हातांकडे बघत होत्या.