घरतकाकांचा एक तारा

आमच्या सोसायटीच्या लिफ्टला घरतकाका साडेतीन तारे देतात. बंद पडली तर दोन. सेक्रेटरींना दीड, आणि त्यातला अर्धा नुसता मिशीला. एकदा मी त्यांच्यासाठी चहा केला. काकांनी घोट घेतला, डोळे मिटले आणि निकाल दिला, "चार. आलं कमी हाय."

काशिनाथ घरत मूळचे उरणकडचे, मिठागरांच्या गावातले. द्रोणागिरीच्या एका गोदामात सुपरवायझर होते. रिटायर झाल्यावर खारघरला आमच्या शेजारी आले आणि 'मिठागराचा बांध' नावाचं पुस्तक लिहून बसले. त्यातलं शुद्धलेखन मी तपासलं. मी इथल्या एका कॉलेजच्या लायब्ररीत कामाला आहे. आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मी, हे मी कोणी न विचारता सांगतो. मिळवलंय, लपवू कशाला? काका मला हाकच मारतात 'ए बीए' म्हणून.

पुस्तक ऑनलाइन विकायला ठेवलं आणि काकांना ताऱ्यांचं वेड लागलं. भाजीवाला, वॉचमन, व्याही, ज्याला त्याला एक प्रत भेट. पाठोपाठ त्याचाच मोबाइल त्याच्यापुढे धरून, "दाब. पाच दाब. वाच मग सावकाश." दहा जणांनी दाबले. पाचपैकी पाच! काका दात घासायच्या आधी तो आकडा बघायचे. त्या भरात दुसऱ्या पुस्तकाची वहीसुद्धा सुरू झाली.

मग एका मंगळवारी सकाळी आमची बेल वाजली. वाजतच राहिली.

"बीए, बुडालो! बघ, कोन हाय यो?"

अकरावं मत आलं होतं. एक तारा. शेरा नाही, नाव नुसतं 'ग्राहक'. पाचाचे चार पूर्णांक सहा झाले होते.

"काका, एकानं काय होतंय? मोठमोठ्या लेखकांना मिळतात असे."

"त्यांना मिलू दे. ते मोठे हायत. मी केवडा हाय?"

चौकशी सुरू झाली. वॉचमनने गळ्याची शपथ घेतली. संशय सेक्रेटरींवर गेला, मिशीच्या अर्ध्या ताऱ्याचा राग म्हणून. काकांनी तडजोड म्हणून त्यांना तीन देऊन पाहिले. सेक्रेटरींना आधीचे दीडसुद्धा माहीत नव्हते. ते उगाच खूश झाले.

चौथ्या दिवशी काकांनी वही कपाटात टाकली.

"झाला लिवून. बीए, खरं सांग, पाच देनाऱ्यांत वाचला कोनी? एकानंच वाचला असंल. त्याला नाय आवडला."

चहाला तारे देणंही त्यांनी बंद केलं, तेव्हा मात्र मी घाबरलो. रविवारी त्यांना स्कूटरवर बसवलं आणि गावी त्यांच्या थोरल्या बहिणीकडे, हिराबायकडे नेलं.

हिराबाय पंचाहत्तरीच्या. त्यांनी भाकरी आणि सुकट वाढली आणि म्हणाल्या, "काशा, तुजा पुस्तक वाचला. सगला. म्हयना लागला."

काकांचा घास हातातच राहिला. "तुला कोनी दिला?"

"तू तर नाय दिलास. भाजीवाल्याला दिलास. मी सुनेकडनं मागवला. नंबर पन दिला."

"कसला नंबर?"

"सुनेच्या मोबाइलवर पाच चांदन्या आल्या. मी पयलीवरच बोट ठेवला. पयला नंबर! पाचवा कोन देतंय आपल्या भावाला?" काकांचा चेहरा बघून त्यांचा आवाज उतरला. "का रं, चुकला काय?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात काकांचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागला.

"नाय बाय. बरोबर हाय."

"मना वाटलाच. तिसरीत माजा पन पयला नंबर होता." मग आतून पुस्तक आणून त्यांनी बाविसाव्या पानावर बोट टेकवलं. "पन हितं तू चुकलास. 'बाय तिसरीपर्यंत शिकली. मग शाळा सोडली.' मी नाय सोडली, काशा. तुला शालंत घातला, मिठाची पाटी उचलाया घरात कोन नव्हता. म्हनून बानं मना उठवला."

त्या रागावल्या नव्हत्या. चूक दाखवत होत्या, मी शुद्धलेखनाची दाखवतो तशी. ते पान मीही तपासलं होतं. ऱ्हस्व-दीर्घ सगळं बरोबर होतं.

परतताना मी म्हणालो, "काका, सुनेला फोन करतो. एकाचे पाच होतील."

"हात लावू नको, बीए."

घरी आल्यावर त्यांनी कपाटातून वही काढली. पण आधी पलंगाखालचा गठ्ठा ओढला. दोनशे तरी प्रती असतील. निम्म्या माझ्यापुढे सरकवल्या आणि पेन दिलं. एकेक पुस्तक बाविसाव्या पानावर उघडून आम्ही 'सोडली'मध्ये एक 'व' घालत बसलो. शाळा सोडवली. शाळा सोडवली.

माझ्याही दोन मोठ्या बहिणी आहेत. मी बी.ए. करत होतो तेव्हा त्या काय करत होत्या, हे मी अजून कधी विचारलेलं नाही.

गठ्ठा अर्ध्यावर आल्यावर मी उठून चहा केला. काकांनी घोट घेतला आणि मान वर न करता म्हणाले,

"एक."