चोविसावे मोरिता-सान

कावासाकीहून एका दिवसात जाऊन येण्याजोगी सगळी ठिकाणं रविकांतला गाड्यांच्या वेळांसकट पाठ होती. सत्त्याण्णव सालच्या ऑक्टोबरात पुण्याहून सासू-सासरे आले आणि त्याला चेवच चढला. रविवारचा बेत हाकोनेचा: डोंगर, तळं, गरम पाण्याचे झरे. ऑफिसच्या प्रिंटरवर त्यानं दोन पानी वेळापत्रक छापून आणलं होतं. चहाला सात मिनिटं, फोटोंना चार.

गाडी सुटल्यापासून तो ते सगळ्यांना वाचून दाखवत होता. पहिलं पान संपताच सासरे, विजयकुमार, उठले. "मागे खिडकीची जागा मिळतेय का बघतो," म्हणाले आणि डबे ओलांडत दिसेनासे झाले.

पुढे एका मोठ्या स्टेशनात गाडी थांबली. बारीकसा धक्का बसला, काहीबाही घोषणा झाल्या, गाडी सुटली.

"बघा, एका सेकंदाचा फरक नाही," रविकांत म्हणाला.

"रवी," कादंबरी म्हणाली. त्याची बायको कोपऱ्यावरच्या दुकानात पार्टटाइम काम करायची, त्यामुळे तिचं जपानी नवऱ्यापेक्षा पक्कं होतं. "मागचे चार डबे तिथे सोडले. ते एनोशिमाला जातात. समुद्रावर."

"मग आधी का नाही बोललीस?"

"दोनदा बोलले. तू म्हणालास, प्रश्न शेवटी."

सासूबाईंच्या, सुहासिनीबाईंच्या, हातातला चिवड्याचा डबा तसाच राहिला. "अहो रविकांतराव, ह्यांना तर साधं पाणीसुद्धा मागता येणार नाही इथे!"

रविकांतचा चेहरा उतरला. लग्नाआधी सासऱ्यांनी त्याला एकच प्रश्न विचारला होता, "मुलीला नीट सांभाळाल ना?" आणि आज त्यानं खुद्द सासऱ्यांनाच हरवलं होतं.

पुढच्या स्टेशनात तिघं उतरले, उलटी गाडी धरली, मग एनोशिमाची. सासूबाई वाटभर पर्स छातीशी कवटाळून बसल्या होत्या.

विजयकुमार स्टेशनाबाहेरच सापडले. वीस-पंचवीस जपानी आजी-आजोबांच्या रांगेत ते उभे होते. छातीवर पिवळा बिल्ला, हातात आईस्क्रीम. रांगेपुढे पिवळं निशाण धरलेली एक तरुण गाईड होती.

"बाबा, चला!" रविकांत ओरडला.

"हळू बोला. मोजणी चाललीये."

कादंबरीनं गाईडला सगळं समजावलं. गाईडनं दोनदा कमरेत वाकून माफी मागितली, पण सासरे सोडायला ती तयार होईना. चोवीस माणसं निघाली, चोवीस भरताहेत, म्हणजे हे आमचेच. तिनं यादीच वाचून दाखवली.

"मोरिता-सान?"

"हाय!" विजयकुमारांनी जपानीत हजेरी देत हात वर केला.

"बाबा, तुम्ही मोरिता नाही!"

"ठाऊक आहे हो. फलाटावरून सगळे हिच्यामागे निघाले, मीही निघालो. ह्या एका नावाला कुणी 'हाय' म्हणेचना. पोरगी रडकुंडीला आली. मी हात वर केला, तशी एकदम खूश झाली."

कादंबरीनं भाषांतर केलं आणि गाईड मटकन खाली बसली. मग खरे मोरिता-सान कुठे? स्टेशनमास्तरांनी फोन फिरवले. पिवळ्या बिल्ल्याचे एक आजोबा हाकोनेला उतरले होते. तेवीस माणसं वाऱ्यावर सोडून गाईडला जाता येईना.

"मी आणतो त्यांना," रविकांत म्हणाला.

"जा तुम्ही. तोवर मी उभा राहतो," सासरे म्हणाले. "आकडा कमी व्हायला नको."

सासूबाईंची पर्स आता खांद्यावर लटकत होती. त्या आईस्क्रीम खात होत्या.

हाकोनेला स्टेशनवाल्यांनी रविकांतला समोरच्या गरम झऱ्याच्या स्नानगृहाकडे बोट दाखवलं. आत वाफाळत्या पाण्यात मोरिता-सान गळ्यापर्यंत बुडून बसले होते.

काठावर उकिडवं बसून रविकांत मोडक्या जपानीत म्हणाला, "झोप लागून इकडे आलात ना? चला, तिकडे सगळे काळजीत आहेत."

"झोप कसली! मागच्या डब्यातून मुद्दाम उठून पुढे आलो," मोरिता-सान म्हणाले. "ती मुलगी दर अर्ध्या तासाला मोजते हो." मग त्यांनी एक डोळा उघडला. "आत्ता किती भरतात?"

"चोवीस. माझे सासरे तुमच्या जागी उभे आहेत."

"पुरे आहेत की मग," मोरिता-सान म्हणाले आणि काठावरचा कोरडा टॉवेल त्यांनी त्याच्याकडे सरकवला.

रविकांत बाहेर गेला, "सापडले, उशीर होईल" असा एनोशिमाच्या स्टेशनमास्तरांना फोन केला, आणि परत येऊन शर्टाची बटणं सोडू लागला.