रेगे काका विचारून सांगतात

रेगे काकांनी मागच्या अंगणात पितरांसाठी वाढून ठेवलेलं ताट मी खाल्लं. सगळं. खिरीची वाटी शेवटी बोटानं पुसूनसुद्धा घेतली.

माझ्या बाजूनं बोलण्यासारखं फार काही नाही, पण थोडं आहे. "रविवारी दुपारी जेवायला ये, मागच्या दारानं ये," असा काकांचा मेसेज होता. इकडे परदेशात, आमच्या ॲन आर्बरमध्ये, सगळ्या तिथ्या शनिवार-रविवार बघूनच येतात, त्यामुळे सर्वपित्री अमावास्या खरी कधी होऊन गेली ते मला ठाऊक नव्हतं. मी पोचलो तेव्हा मेपलखालच्या पिकनिक टेबलावर ताट तयार होतं. वरण-भात, भोपळ्याची भाजी, वडे, खीर. ऊन पडलं की इकडे माणसं बाहेरच जेवतात. काका आत फोनवर होते. त्यांनी खिडकीतून हात केला, तो मी 'बस, सुरू कर' असा वाचला. तो 'थांब' असा होता.

पण आधी काका कोण ते सांगायला हवं.

काका मूळचे वेंगुर्ल्याचे. गाड्यांच्या कारखान्यात रंगकाम विभागाचे इंजिनिअर होते. रिटायर झाल्यावर काकूंबरोबर कॅरिबियनच्या क्रूझवर गेले. त्या बोटीवरून बाकीच्यांनी फ्रीजला लावायची मॅग्नेट्स आणली, काकांनी राग आणला. कुठल्याशा बेटावरच्या गाइडनं किल्ला दाखवला, तोफा दाखवल्या, आणि "इथे आधी राहत होते ते लोक?" या काकांच्या प्रश्नावर तो म्हणाला की लंच बुफे एक वाजता बंद होतो. तेव्हापासून काका लायब्ररीतून पुस्तकं आणतायत. स्पॅनिश लोक त्या बेटांवर कसे आले, सोन्यासाठी त्यांनी तिथल्या टाइनो लोकांना कसं राबवलं, रोगराईनं आणि उपासमारीनं गावंच्या गावं कशी ओस पडली, हे काका शेजारच्या घरातली भानगड सांगावी तसं सांगतात.

त्या पहिल्या दर्यावर्द्याचं नाव काका घेत नाहीत. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत तसं; कारण तेवढं उलटं. "तो उतरला, झेंडा रोवला, म्हणाला हे आमचं. विचारलं का कुणाला?"

'विचारलं का?' हा काकांचा ठेवणीतला प्रश्न नव्हे, रोजच्या वापरातला. शेवटची चकली उचलणाऱ्याला, न सांगता अपडेट होणाऱ्या फोनला, अंगणात शिरलेल्या हरणाला, सगळ्यांना तोच. त्यांचा विशेष आवडता विषय म्हणजे ते फर्मान. स्पॅनिश शिपाई किनाऱ्यावर उतरले की स्पॅनिशमध्ये एक लांबलचक कागद वाचायचे: आमच्या राजाला माना, नाहीतर पुढे जे होईल तो तुमचा दोष. ऐकायला कधी भाषा न कळणारी माणसं, कधी नुसती झाडं. "पण वाचून दाखवलं होतं," काका म्हणतात. मी त्यांना फोनमध्ये बँकेचं ॲप घालून दिलं आणि अटी न वाचता 'आय ॲग्री' दाबलं, तर ते मला म्हणाले, "शाबास. झाडापेक्षा तू बरा नाहीस."

एकदा आषाढीला आमच्याकडे मंडळी जमली होती. साबुदाण्याच्या खिचडीचा पहिला घास तोंडाशी गेला आणि काका उभे राहिले. "या ताटात आपलं काय आहे सांगा. साबुदाणा ज्या कंदाचा, तो त्या बेटांवरच्या लोकांचा. दाणे त्यांचे. मिरची त्यांची. बटाटा हा शब्दसुद्धा त्यांच्या रताळ्यावरून आला. जिरं आणि तूप तेवढं आपलं. त्या लोकांच्या जेवणावर आपण पुण्य कमावतोय. विचारलं का?" मी विनोद म्हणून म्हटलं, "काका, मग उपास त्यांना लागतो की आपल्याला?" काकूंनी माझ्या ताटात अजून एक डाव खिचडी वाढली आणि म्हणाल्या, "तू खा रे. ते विचारत बसतील."

काकूंचं मला वाढणं जुनं. मी शिकायला आलो तेव्हा बसनं त्यांच्याकडे जायचो आणि जेवून, डबा घेऊन परत यायचो. मी दाराशी दिसलो की त्या 'जेवलास का' असं विचारत नसत. ताट घेत. काका म्हणायचे, "हिला विचारायची सवयच नाही. स्पॅनिश."

काकू गेल्या. काका त्या घरात एकटे राहिले. त्यांची मुलगी नंदिनी दूर वाळवंटातल्या चँडलरला असते; दर रविवारी फोनवर एकच विषय. घर विका, इकडे या. इकडे बर्फ नाही, वर एक खोली रिकामी आहे. काकांचं उत्तरही एकच: "विचारून सांगतो."

"बाबा, हू आर यू आस्किंग?" नंदिनी वैतागून म्हणायची. तिनं मलाही फोन करून विचारलं, की बाबा कुणाला विचारतात? डॉक्टरला? वकिलाला? मी म्हटलं, टोमॅटोला विचारत असतील. यात थट्टा अर्धीच होती. काका परसातला टोमॅटो तोडण्याआधी "घेऊ का?" असं खरंच म्हणतात.

तर, मी वाटी पुसत होतो आणि काका फोन ठेवून बाहेर आले. रिकाम्या ताटाकडे बघत उभे राहिले.

"वडे छान झालेत," मी म्हटलं.

"ते कावळ्यासाठी होतं," काका म्हणाले.

मग मला तिथी समजली. आणि घाबरलो की मी जास्त बोलतो, हा माझा जुना रोग. मला आठवलं की काका दर वर्षी दोन ताटं ठेवायचे, एक घरच्या पितरांचं आणि एक त्या बेटांवरच्या लोकांचं, कारण त्यांच्या मागे पाणी द्यायलाही कुणी उरलं नाही असं काका म्हणायचे. मी घाईघाईनं म्हटलं, "हे बेटवाल्यांचं होतं ना? मग त्यांना राग नाही येणार."

"बेटवाल्यांचं बंद केलं," काका म्हणाले. "आपली टपालवाली आहे ना, पोर्तो रिकोची? तिला मी हे सगळं सांगत होतो, की ते लोक संपले. ती म्हणाली, माझी आजी त्यांच्यातलीच, मी पण, आणि मी संपले असं तुम्हाला कुणी सांगितलं? मी इतकी वर्षं जिवंत माणसांची ताटं मांडत होतो. त्यांना विचारलं नव्हतं. आता तिला खिचडीचा डबा देतो."

"मग हे?"

"हे तुझ्या काकूचं."

मी उठलो. कुठे उभं राहावं तेही कळेना.

काका बाकावर बसले. "थंडीत या गावचं आभाळ कावळ्यांनी काळं होतं. पण ती गेल्यापासून सर्वपित्रीला एक येत नाही. खारी येतात. मी दर वर्षी तिला विचारतो, नंदिनीकडे जाऊ का? हे झाड, ही चूल तुझी, तुला सोडून जाऊ का? कावळा शिवला नाही, म्हणजे तिचं 'नाही'. म्हणून राहिलो. आत्ताही ताट ठेवताना तेच विचारलं आणि आत गेलो."

"काका, माझं धरू नका," मी म्हटलं. "मी कावळा नाही. मी नुसता भुकेला होतो." खरं तर मला ते जायला नको होते. त्यांच्यानंतर या गावात मला 'विचारलं का' असं कोण विचारणार होतं?

"भुकेलाच होतास ना?" काका म्हणाले. "तिला काय फरक पडतो? तिनं जन्मभर तुलाच वाढलं."

त्यांनी खिशातून फोन काढला. "नंदू, विचारलं," एवढंच म्हणाले. पलीकडे ती रडतेय असं मला ऐकू आलं. काका मेपलकडे बघत राहिले, हूं हूं करत राहिले.

फोन ठेवून त्यांनी ताट उचललं, उन्हात तिरकं धरून पाहिलं, आणि मला म्हणाले, "कावळा एक चोच मारून जातो रे. ताट चाटत नाही."