इंटरनेटची खरी नक्कल

चिन्मय, ईशा, परवा तुम्ही फोनवर म्हणालात, "आजी, आता मेडिकलचा अभ्यास आम्ही नेटवरच करतो." तेव्हापासून मला नाना आठवताहेत. ते विसरून जायच्या आत लिहिते आहे.

जळगावच्या पिंप्राळ्यातले आमचे शेजारी नाना इंटरनेटची कार्बन कॉपी काढत. सारी नोकरी सरकारी कागदांच्या नकला करण्यात गेलेली. मुलगी सुनंदा धुळ्याला डॉक्टरकी शिकत होती. नव्वदच्या दशकाच्या शेवटी जळगावात इंटरनेटचं दुकान निघालं आणि पोरीला जगातलं ज्ञान आपणच पाठवायचं, असं नानांनी ठरवलं. छापून मिळणारं पान बिनसहीचं, म्हणून त्यांना चालत नसे. "अक्का, आठे सही कोनी शे?" मग मी पडद्यावरचं इंग्रजी वाचायचे, ते वळणदार अक्षरात उतरवायचे. खाली 'खरी नक्कल', सही, तारीख. वरची प्रत एसटीने धुळ्याला, कार्बनची घरी. मध्येच लाइन तुटली की म्हणत, "साहेब चहाले गयात."

एका सकाळी ते कार्बनची प्रत घेऊन दारात उभे राहिले. ओठ पांढरे पडले होते.

"अक्का, तान्हा पोरनं औषध. काल पडद्यावर पुन्हा देखं. पाचना आधी टिंब व्हतं. मनी नकलमा नही."

नकलेत दशांशचिन्हच गळालं होतं. दहापट डोस. वाचताना मी 'पॉइंट' म्हणाले होते का? आठवेना. आजही आठवत नाही.

"होस्टेलवर फोन लावा ना!"

"लावा व्हता. ती वॉर्डमा शे."

आम्ही धुळ्याची एसटी धरली. पारोळा गेलं तरी नाना कार्बनच्या प्रतीवर ते टिंब शोधत होते. मला सारखं एक लेकरू दिसत होतं, त्याला चेहरा नव्हता. दवाखान्याच्या व्हरांड्यात कुठेतरी मूल रडलं, तसे आम्ही दोघं जागीच थांबलो.

सुनंदा धावत आली. "नाना? तुम्हाला काय झालं?"

"ते तान्हा पोरनं पान तू वाचं का?"

ती ओशाळली. "रागावू नका हं. तुमची पानं मी वाचतच नाही. लायब्ररीत पुस्तकं आहेत. आणि मला अजून कोण औषध लिहू देतंय!"

"एकबी पान नही?"

"घरची आठवण आली की काढते. नुसतं अक्षर बघते."

"शाब्बास!" नाना बाकावर मटकन बसले आणि रुमालात तोंड लपवून रडले.

नाना जाऊन पुष्कळ वर्षं झाली. सुनंदाचा पाचोऱ्यात दवाखाना आहे. प्रत्येक डोस ती आधी आकड्यात लिहिते आणि मग अक्षरात.