बादलीतला कॅमेरा

दर शुक्रवारी नमाजाहून आले की इस्माईलचाचा कॅमेरा पाण्याच्या बादलीत बुडवत. बुडबुडे येतात का ते पाहत शेजारी उकिडवे बसत. मग तो बाहेर काढून, लुंगीला पुसून वहीत लिहीत : ‘बादली. पास.’

धामणकर नाक्यामागच्या आमच्या चाळीतले हे चाचा एका लूमवाल्याकडे कापड तपासायच्या कामाला होते. अख्खा ताका उजेडात धरायचा आणि तुटलेला धागा शोधायचा, ही जन्मभराची नोकरी. सवय घरीही सुटेना. छत्री घेतली तरी आधी नळाखाली उघडणार. नव्वद सालाच्या आसपास पुतण्याने कुवेतहून हा पिवळाधमक, पाण्यात चालणारा कॅमेरा आणून दिला, आणि वही भरू लागली. ‘जिना, सात पायऱ्या. पास.’ ‘चिखल. पास.’ दगड बांधून टाकीतसुद्धा सोडला होता.

त्यांची बायको, जुबेदाचाची, दारातून म्हणायची, “माजी येवढी तपासनी केली असती ना, तर निकाह झालाच नसता!”

फोटो काढताना मात्र चाचांना कुणी पाहिलं नव्हतं. मी शाळामास्तर, त्यामुळे चेष्टेत सगळ्यांच्या पुढे.

चाची आजारात गेली. बादली थांबली नाही. अशाच एका शुक्रवारी चारचौघांत मी म्हटलं, “चाचा, नुसतं वरून काय तपासता? आत बघा की!” आणि त्यांच्या हातातून कॅमेरा घेऊन भर उन्हात मागचं झाकण उघडलं. आत रोल नसणारच, अशी माझी खात्री होती.

रोल होता. मी घाईने झाकण लावलं, पण ऊन आत पडलं होतं.

“पानी गेलंय का?” चाचांचा आवाज एवढासा झाला.

“नाही. कोरडा आहे.”

“शुकर अल्लाचा!” चाचा पायरीवर टेकले. “मास्तर, शादीचा फोटो पुरात भिजला. तिचा चेहराच पुसला गेला. म्हनून हा मागवला. आजारात तिचा येकच फोटो काढला. कागदावर आनायचा न्हाय, कागद पानी खातो. आत हाय तवर तिला काय होत न्हाय.”

फिल्मला ऊन लागलं की आतला फोटो पुसला जातो, हे तिथल्या चारचौघांत फक्त मला ठाऊक होतं. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा भीती जास्त.

चाचांनी वही पुढे केली. “आतून तुमीच बघितलं ना? तुमी शिकलेले. सही करा.”

मी केली.

चाचा होते तोवर दर शुक्रवारी ओला कॅमेरा पुसून वही घेऊन माझ्या दारात येत. झाकण पुन्हा कधी उघडलं नाही; मास्तरांनी आतून बघितलं होतं ना! मी ‘पास’ लिहायचो आणि खाली सही करायचो.