भिकनच्या उत्तरांच्या वह्या

संध्याकाळी पाच वाजता भिकन उठायचा, म्हणजे त्याचं अंग उठायचं. बाकीचा भिकन अजून स्वप्नातच कुठेतरी रेंगाळत असायचा. सुरतेजवळच्या भेस्तानमधल्या त्या एका खोलीत पडद्यातून पिवळं ऊन यायचं, बायको उषाबाईच्या, साड्यांना लेस लावायच्या मशीनचा आवाज यायचा, आणि उशाजवळ चहाचा कप आणि पोरीची रोजनिशी ठेवलेली असायची. आधी चहा की आधी वही, हे त्याला दोन-चार मिनिटं उमगायचं नाही. एकदा तर त्याने वहीच फुंकून फुंकून थंड केली होती.

वर्षा सातवीत. तिची सकाळची शाळा. भिकन कापडाच्या लूमवर, यंत्रमागावर, रात्रपाळीला. तो घरी यायचा तेव्हा ती शाळेत गेलेली, ती यायची तेव्हा तो झोपलेला, तो उठायचा तेव्हा ती शिकवणीला. रविवारी तो आठवड्याची झोप काढायचा. बापलेक एका छपराखाली राहत होते, पण शेवटचं नीट बोलणं कधी झालं होतं ते दोघांनाही आठवत नव्हतं. आणि अशात वर्षाच्या मराठी शाळेतल्या बाईंनी, सुषमाबेननी, वर्गात रोजनिशी सुरू केली.

शाळा सुटण्याआधी प्रत्येकाने दोन गोष्टी लिहायच्या. आज मला काय कळलं, आणि आज मला काय कळलं नाही. घरी पालकांची सही घ्यायची. बस्स, एवढंच! सही मागितली होती हो, सही. पण भिकन पडला लूमवाला.

दोन पाळ्यांच्या कारखान्यात एका मशीनवर दोन माणसं असतात, एक दिवसाचा, एक रात्रीचा. तिथे कुठल्याच पुस्तकात नसलेला एक रिवाज आहे. बंद मशीन पुढच्या पाळीच्या हातात द्यायचं नाही. तार, म्हणजे मागावरचा धागा, तुटली असेल तर बांधायची, मशीन चालू करायचं, मग घरी जायचं. तुटकी तार जोडीदारावर टाकून जाणाऱ्याला चहाला कोणी विचारत नाही. अशा माणसाच्या हातात वही आली आणि त्यात लिहिलेलं होतं, "आज मला कळलं नाही: खारं पाणी तापवलं की पाणी उडून जातं, मग मीठ मागे का राहतं?"

भिकनला ती तुटकी तारच दिसली. नुसती सही करून कसं जायचं? त्याने डोळे चोळले, पेन घेतलं आणि स्वप्नाच्या उरलेल्या धाग्यातून लिहिलं, "मीठ संसारी असते. त्याला घरदार असते. पाणी एकटे असते, ते जाते." खाली सही ठोकली आणि डबा उचलून कामाला गेला.

दुसऱ्या दिवशी सुषमाबेननी लाल पेनने शेरा दिला, "उत्तर चूक. पण वाचायला बरं वाटलं."

झालं! बेननी ते वर्गात वाचून दाखवलं आणि पोरांना चटकच लागली. वर्षाने विचारलं, ऋण गुणिले ऋण धन का होतं? भिकनने लिहिलं, "दोन भांडखोर माणसे एकाच दाराशी आली की गपचूप वाट देतात." वर्षा ते उत्तर रात्री जेवताना वाचायची, झोपताना वाचायची, आणि आईला म्हणायची, "मम्मी, पप्पा एकदम गांडाघेला आहेत, वेडे!" म्हणायची, आणि वही उशाखाली घेऊन झोपायची.

पहिला आला अक्षय. त्याचा बाप जवळच्या सचिन गावात केमिकलच्या कंपनीत. तो सही करायचा तीसुद्धा मोबाइल बघत बघत. अक्षय वर्षाला म्हणाला, "मेरी भी ले जा ना यार. तुझ्या पप्पांना सांग, झाडं रात्री काय करतात?"

उत्तर आलं, "रात्रपाळी."

मग काय, वर्षाच्या दप्तरात रोज वह्यांची भर पडू लागली. कोणाला चंद्र आपल्या मागे का येतो ते हवं होतं, कोणाला पृथ्वी फिरते तर आपल्याला चक्कर का येत नाही ते. भिकन पाचऐवजी चारला उठू लागला, मग तीनला, वर्षा शिकवणीला गेली की लगेच. उषाबाई लेस लावता लावता कपाळावर हात मारून अहिराणीत विचारायची.

"पोर शाळामा जास का तुमी?"

"अवं, पोऱ्यासनी इचारेल शे. असंच ठेवानं का?"

"आन झोप?"

"झोपमाच तं लिखी राहिनू," भिकन म्हणाला, आणि ते अगदी खरं होतं.

वह्या वाढल्या तशी झोप आटली. शेवटी त्याने जोडीदार योगराजला पकडलं. योगराज दिवसपाळीचा, स्वभावाने रोखठोक. त्याला विचारलं की चंद्र मागे का येतो, तर तो लिहायचा, "काम नाही म्हणून." तरी अर्ध्या वह्या त्याने घेतल्या. आता पाळी बदलताना गेटवर दोघे मशीनबरोबर वह्यांचीही खबर देऊ लागले. "चार नंबरला डावीकडे तार तुटते, आणि अक्षयचं पचन बाकी आहे."

आता हे सगळं आचार्य, म्हणजे मुख्याध्यापक, श्रीरंग सरांच्या कानावर गेल्याशिवाय राहतंय थोडंच? सर जुन्या वळणाचे. पाढे, शुद्धलेखन आणि शांतता, या तीन गोष्टींवर त्यांचा विश्वास. ते सुषमाबेनना म्हणाले, "बेन, वही लिहून कोणी हुशार झाल्याचं मी ऐकलं नाही. शनिवारी मी स्वतः वह्या बघतो. फायदा दिसला तर ठीक. नाहीतर रोजनिशी बंद. तेवढ्या वेळात पाढे घ्या."

ही बातमी वर्षाने वहीत लिहिली. "कळलं नाही: रोजनिशी बंद झाली तर काय होईल?"

भिकनने ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. चहा गार झाला. ही एक तार त्याला बांधता येईना. रोजनिशी बंद म्हणजे पोरीचं बोलणं बंद. पाच वाजता उठायचं, ते कशासाठी मग? प्रश्न समोर असूनही त्याने पहिल्यांदाच नुसती सही केली, आणि त्या शुक्रवारी वर्गाच्या सगळ्या वह्या पिशवीत घालून कामाला नेल्या. एकही उत्तर बाकी ठेवायचं नाही, सर खूश झाले पाहिजेत, असा बेत. सकाळी पाळी सुटली की थेट शाळेत पोचवायच्या.

बेत नामी होता, फक्त पिशवीचं ध्यान राहिलं नाही. सुरतेत घराघरात साडीच्या दुकानाच्या पिशव्या, सगळ्या एकसारख्या, सगळ्यांवर तीच हसरी नवरी. भिकनने सकाळी पेंगत पेंगत योगराजच्या हातात मशीन दिलं, एक नवरी उचलली आणि शाळेच्या फाटकात वर्षाच्या हातात ठेवली. तिने "पप्पा" म्हणून तोंड उघडेपर्यंत तो डोळे मिटूनच घराकडे वळला होता. खरी पिशवी कारखान्यात कापडाच्या ताग्यांवर राहिली होती. टेम्पोवाल्याने तागे भरले, त्यात तीही भरली आणि सगळं सचिनच्या कापड रंगवायच्या डाइंग मिलला रवाना झालं.

वर्गात श्रीरंग सर खुर्चीत बसले. "हं, दाखवा तुमच्या वह्या."

वर्षाने पिशवी पालथी केली. टेबलावर रंगीबेरंगी धाग्यांचा हा एवढा गुंता पडला. लाल, पोपटी, जांभळा. लूमचा सगळा वेस्ट, टाकाऊ धागा! त्यातला रुईसारखा भुगा उडाला आणि सरांना एकापाठोपाठ एक शिंका सुरू झाल्या.

"वह्या, आक्छी, कुठे आहेत?"

"सर, वह्या पाळीवर गेल्यात," अक्षय म्हणाला.

"पाळीवर?"

"म्हणजे कामावर, सर. भिकनकाकांबरोबर."

सुषमाबेननी डोळे मिटून घेतले. सरांनी नाक पुसलं. "ठीक आहे. वह्या नाहीत तर नाहीत. बेन, मुलांचे प्रश्न कोणते ते सांगा, मी तोंडी विचारतो. वहीत लिहिलं ते डोक्यात गेलंय का ते तरी कळेल. सांगा, खारं पाणी उडून जातं तेव्हा मीठ मागे का राहतं?"

सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "त्याला घरदार असतं!"

सरांनी सुषमाबेनकडे असं पाहिलं की बेन खिडकीबाहेरच बघू लागल्या.

"हे शिकलात?"

"नाही सर, ते काकांचं उत्तर," अक्षय घाईघाईने म्हणाला. "खरं उत्तर असं की पाण्याची वाफ होते, पण तेवढ्या उष्णतेत मिठाची होत नाही. म्हणून ते खाली राहतं."

सरांनी झाडांचं विचारलं. वर्ग म्हणाला, "रात्रपाळी!" आणि मागच्या बाकावरची ज्योती उठून म्हणाली, "पण सर, अन्न तयार करायचं काम ती उजेडातच करतात. रात्री फक्त श्वसन चालू असतं. काकांचं उलटं आहे." चंद्राचं विचारलं, ऋण संख्यांचं विचारलं. दर वेळी आधी भिकनचं उत्तर, मग हशा, मग खरं उत्तर. सर चक्रावले.

"खरं उत्तर कोणी शिकवलं?"

"शोधलं, सर," ज्योती म्हणाली. "काकांचं उत्तर चूक असणार हे तर माहीतच असतं. मग बरोबर काय ते बघावं लागतं ना? नाहीतर हसणार कशाला?"

सरांनी टेबलावरचा एक जांभळा धागा बोटाला गुंडाळला. पण सर ते सर! "ते असू दे. विद्यार्थ्याच्या वहीत भलत्याच माणसाने लिहायचं, हे मला चालणार नाही. त्या गृहस्थांना बोलवा."

गृहस्थ नुकतेच अंथरुणावर पडले होते. उषाबाईने हलवून, पाणी मारून त्याला उभं केलं. भिकन ऑफिसात आला तो उलटा सदरा घालून. खुर्चीत बसला आणि पंख्याखाली त्याला लगेच गोड गुंगी आली. सरांचा आवाज त्याला दूर कुठेतरी नदीपलीकडून आल्यासारखा ऐकू येत होता. वर्षा आणि सुषमाबेन बाजूला उभ्या होत्या.

"भिकनभाई, तुमच्यामुळे वर्ग हसत हसत का होईना, शिकलाय. ते मी नाकारत नाही. पण मला काळजी तुमच्या मुलीची आहे. बाकीची पोरं कधीमधी 'कळलं नाही' लिहितात. बेन म्हणतात, ही रोज लिहिते. एक दिवस चुकत नाही. एवढी कच्ची असेल तर तिला दुपारी जादा तासाला बसवावं लागेल."

भिकन खडबडून जागा झाला. "कच्ची? नाही साहेब, माझी पोर..." पोर कशी आहे, हे त्याला वहीपलीकडे कुठे माहीत होतं?

"मला सगळं कळतं, सर," वर्षा हळूच म्हणाली.

"सगळं? मग 'कळलं नाही' लिहायचीस ते खोटं?"

वर्षाने मान खाली घातली. "'सगळं कळलं' असं लिहिलं होतं एकदा. तर पप्पांनी नुसती सही केली."

पंखा फिरत राहिला. सुषमाबेननी पदर डोळ्यांना लावला. श्रीरंग सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. तेवढ्यात भिकनचा फोन वाजला. योगराज होता, आणि त्याचा आवाज अख्ख्या ऑफिसात ऐकू गेला. "भिक्या, वह्या सापडल्या! मिलमधे पांडुरंग म्हणून लातूरकडचा माणूस शे, त्याच्याकडे आहेत. फक्त दोन वह्यांत त्याने पण उत्तरं लिहिलीत!"

"बघा," सर म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता. शेवटी त्यांनी निकाल दिला. रोजनिशी चालू राहील. पालकांनी मात्र फक्त सही करायची. एक अक्षर जास्त नाही. "आणि आज हिला घरी घेऊन जा. उलटा सदरा घालून रस्त्याने एकटे फिरू नका."

बापलेक फाटकाबाहेर पडले. आणि आली का पंचाईत! बोलायचं काय? दोघांनाही इतके दिवस लिहायचीच सवय. गल्लीभर दोघे पुढेमागे चालले. टेम्पो गेला, ऊन अंगावर सांडत होतं, भिकनला तर आपण स्वप्नातच चालतोय असं वाटत होतं. उसाच्या रसाच्या हातगाडीजवळ तो बाकड्यावर टेकला. दोन ग्लास आले.

"पप्पा, राग आला?"

"कसाले?"

"मी खोटं लिहायची म्हणून."

भिकनने रसाचा घोट घेतला. "माले ठाऊक व्हतं. तुले कळत नाही आसं काय शे?"

वर्षाने ग्लास खाली ठेवला. "मग उत्तरं का लिहायचात?"

"तू इचारे म्हनीसन."

वर्षाने ग्लासात तोंड घातलं ते बराच वेळ काढलं नाही. भिकनची मान डुलायला लागली. ती त्याच्या बाजूला सरकली, तसं त्याने डोकं तिच्या खांद्यावर टेकलं आणि मिटल्या डोळ्यांनीच विचारलं, "वर्षा, माले एक सांग. दिवसा झोपावर सपनं इतली कसाले पडतस?"

वर्षाने विचार केला. विज्ञानाचं पुस्तक मनातल्या मनात पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळलं. काहीच सापडेना.

"हे मला खरंच नाही कळत, पप्पा. शोधून वहीत लिहिते. पण उद्या रविवार, वही सोमवारी."

"मंग उद्या तोंडी सांगजो," भिकन म्हणाला. "मी जागा राहसू."