बखर ब्याण्णवच्या थांब्याची

॥ श्री ॥

शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सरे, मार्गशीर्षमासी, पोशेऱ्यालगतच्या पाड्यावरील शाळेत वजाबाकीचा गड कैसा सर जाहला, तो मजकूर यथास्थित लिहावा ऐसे मनी आले. लिहिणाराने त्या शाळेची खिचडी दोन वेळा मागून खाल्ली आहे, सबब खाल्ल्या मिठास जागून एक अक्षर खोटे लिहिणे नाही.

हातच्याची वजाबाकी हा किल्ला बहुत बेलाग. बेचाळीसातून सतरा काढा ऐसा हुकूम होताच चौथीची फौज छताकडे पाहू लागे, सोमी नामे कन्या पेन्सिल चघळी, आणि जिव्या म्हणोन जो नामांकित वीर, तो खिचडीचा फडशा पाडून मागील कुंपणावरून पसार होई, आणि मग ओढ्यावर खेकडे धरी, तो दुसरे दिवशी खिचडीच्याच वासावर परते. गंगाजळनिर्मळ वज्रचुडेमंडित चंदनाबाई, ज्या जव्हाराहून रोज जिपेने स्वारी करीत, त्यांनी पाढ्यांच्या तोफा डागिल्या आणि गृहपाठाचे सुरुंग लाविले, परंतु गडाचा एक चिरा ढळला नाही.

मग बाईंनी मसलत केली. कोणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा थोरला फलक, वाढदिवस उलटल्यामुळे बेवारस, तो पैदा केला, आणि पुढाऱ्याचे तोंड जमिनीस लावून पाठीवर शंभर घरांची सापशिडी रंगविली, आणि पहिल्या घरी पोशेरा, शंभराव्या घरी जव्हार ऐसे लिहिले, आणि ब्याण्णवचे घर उघडे दिसते म्हणोन सहज एक आंब्याचे झाड काढिले. पाड्याची जीप रोज आंब्याखालीच थांबते, हे बाईंच्या ध्यानी त्या समयी आले नाही. फासा पुठ्ठ्याचा, आणि सोंगट्या म्हणजे खुद्द मुले. फासा पडावा आणि तितकी घरे पायांनी मोजीत चालावे, ऐसा कायदा केला. त्या दिवसापासून जिव्या घंटा होईतो शाळेत टिकला. ते पाहून बाईंचे डोळे भरून आले, त्यांनी खडूच्या धुळीस बोल लाविला.

पंधरा दिवस खेळ चालिला, परंतु जिंकेना कोणीच. मुले वरच्या ओळीत जाऊन घोळका करीत आणि कुजबुजत, आणि बाई दिरंगाई समजून रागे भरत, आणि मग घंटा होई.

इतक्यात राजमान्य राजेश्री नितीनराव केंद्रप्रमुख यांचे फर्मान मोबाईलवर दाखल जाहले की, शुक्रवारी पाहणीस येतो, खेळाने मुलांस काय आले ते दाखविणे. न दाखविल्यास फलक गुंडाळून कपाटात कुलूपबंद करणे आणि पाढे पूर्ववत चालू करणे. फलक कपाटात गेला की जिव्या ओढ्यावर गेला, हे बाई पक्के जाणून होत्या.

शुक्रवारी खासा स्वारी आली. जव्हारच्या नाक्यावर जीप भरेतो पाऊण तास खोळंबा जाहला होता, त्यामुळे मिजास आधीच तापलेली. खेळ सुरू जाहला. सोमी ब्याण्णवास पोचली आणि आंब्यापाशी उभी राहिली. मग तुका आला आणि रुपी आली, आणि एकेक करीत नऊ जण त्या एका घरात दाटले, म्हणजे एक पाय घरात आणि बाकी देह बाहेर. जिव्यास मात्र सापाने गिळून पस्तीसावर टाकिले. नऊ जणांनी फाशास हात लावणे सोडिले.

"जिंकलं कोण?" नितीनरावांनी पुसिले.

"कोणीच नाय."

नितीनरावांनी शेरेबुक उघडिले. बाईंनी धीर सोडून म्हटले, "अगं सोमे, आठच घरं राहिलीत. जा ना पुढं!"

सोमी म्हणाली, "बाई, जिव्या मांगं हाय. भरल्याबिगर जव्हारची जीप सुटते का कधी?"

हे बोलणे नितीनरावांस वर्मी लागले, कारण पाऊण तासाचा अनुभव ताजा होता. तरी करडा आवाज काढून म्हणाले, "मग किती वाट बघणार?"

"सत्तावन्न घरं," सोमीने बोटे न मोजता सांगितले.

चंदनाबाईंनी मनाशी ताळा केला. ब्याण्णवातून पस्तीस, आणि तेही हातच्यासुद्धा! नितीनरावांनी मोबाईल काढून पडताळा घेतला, तो जुळला, आणि मोबाईल खिशात घातला. जिव्यास पाच पडले. "आता बावन्न," तुका ओरडला. पुन्हा चार पडले. "अठ्ठेचाळीस!" अवघी फौज गरजली. पंधरा दिवस बाई ज्यास दिरंगाई समजल्या, ती वजाबाकी होती. बाईंस आपल्या रागाची लाज वाटली आणि त्याहून अधिक आनंद जाहला, आणि या वेळी खडूची सबब सांगण्याचे भान राहिले नाही.

जिव्या शिडी चढून ब्याण्णवास दाखल होताच दहा जण आरोळी ठोकून जव्हारास पोचले. परतीची जीप भरली नव्हती, सबब मुलांनी नितीनरावांस बूट काढावयास लावून दुसऱ्या डावात घेतले. फौज आंब्याखाली जमली आणि केंद्रप्रमुखांस सापाने गिळून त्र्याहत्तरावर आणिले. तेव्हा जिव्या, ज्याने उभ्या जन्मात सवाल सोडविला नव्हता, हात हलवून म्हणाला, "सर, एकोणीसच हाईत. दमानं या. जीप थांबलीय."

सव्वाचार वाजता नितीनराव ब्याण्णवास पोचले, आणि मग सारे मिळोन जव्हारास गेले. गड फत्ते जाहला. फलक कपाटात गेला नाही. शेरेबुकात "प्रथम क्रमांक" ऐसा रकाना होता. नितीनरावांनी अंमळ विचार केला, आणि स्वहस्ते लिहिले: जीप भरून गेली.